शून्य सोडून सगळं हो

बाईंना कुणी "चहा घेणार का?" असं विचारलं, तर त्या हो किंवा नाही असं कधीच म्हणत नसत. हातातलं काम थांबवून क्षणभर पोटाचा अंदाज घेत आणि म्हणत, "झिरो पॉइंट सहा." चहावाला मुकाट्याने त्यांच्या कपात अर्ध्याहून जरासा वर चहा ओतायचा. नव्या माणसाला वाटायचं, या थट्टा करतायत. तो हसायचा. बाई हसायच्या नाहीत. त्यांना खरोखरच तेवढाच चहा हवा असायचा.

महाप्याच्या एमआयडीसीत एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये आमचा ग्राफिक्सचा स्टुडिओ होता. पुढच्या भागात, वरच्या मजल्यावर आम्ही आणि मागच्या भागात आधीच्या कंपनीच्या गंजलेल्या टाक्या. वारा फिरला की ठाणे-बेलापूर रोडकडून केमिकलचा गोडसर वास यायचा आणि आमचे मालक धावत जाऊन एसीच्या खोलीचं दार लावायचे, जणू तो वास मशीनच्या नाकात गेला तर मशीन शिंकेल. ते मशीन म्हणजे परदेशातून आलेला महागडा संगणक होता. त्याच्या खोलीत चप्पल काढून जावं लागे. बाई मात्र सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालत आणि ते काढायला ठाम नकार देत. "मशीनला धूळ चालत नाही, मान्य. पण मला लादी गार लागते, ते कोण मान्य करणार?" म्हणून मग बाईंसाठी खोलीत वेगळे, फक्त आतले बूट ठेवले गेले.

बाई मूळच्या साताऱ्याकडच्या. तिकडे कॉलेजात त्यांनी बरीच वर्षं गणित शिकवलं होतं. त्यांच्या यजमानांचा वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाट्याचा व्यापार होता आणि त्यासाठी दोघं वाशीत राहायला आली. आमचे मालक हे त्यांचे साताऱ्याचे विद्यार्थी. मालकांनी मोठ्या हौसेने ते मशीन आणि त्यावरचं सॉफ्टवेअर आणलं, पण सोबत आलेली मॅन्युअलं उघडली आणि घाबरून मिटली. मग त्यांना बाई आठवल्या. बाईंनी ती मॅन्युअलं घरी नेली आणि दुपारी गादीवर लोळत कादंबरीसारखी वाचून काढली. परत आल्या आणि म्हणाल्या, "मधला भाग जरा पाल्हाळिक आहे. पण शेवट चांगला केलाय."

त्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र हाताने काढायचं नसे. स्क्रीनवर छोटे छोटे डबे असत. प्रत्येक डबा एकच काम करी, आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात तार ओढली की पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात जाई. एक डबा उजेड मोजणार, दुसरा त्याची दुप्पट करणार, तिसरा त्यावरून रंग ठरवणार. शेवटच्या डब्यातून चित्र बाहेर पडायचं. या सगळ्यात एक डबा असा होता की त्यात कुठलाही आकडा घातला की पलीकडून फक्त हो किंवा नाही बाहेर येई. दिवा लावायचा की नाही, पक्षी उडवायचा की नाही, असले निर्णय तो करी. बाईंनी त्याचं नाव सरपंच ठेवलं होतं. "ऐकून सगळ्यांचं घेतो," त्या म्हणत, "आणि शेवटी एकच शब्द बोलतो."

माझी आणि बाईंची खरी ओळख या सरपंचामुळे झाली. मी नुकतीच चिपळूणहून आले होते आणि घणसोली गावात एका खोलीत भाड्याने राहत होते. मला पहिलंच स्वतंत्र काम मिळालं होतं ते एका बिल्डरच्या इमारतींचं. संध्याकाळ होत जाते आणि उजेड संपला की एकेका खिडकीत दिवे लागतात, असं दृश्य. मी उजेडाचा आकडा सरपंचाला दिला आणि सांगितलं, उजेड आहे तोवर दिवे बंद. सूर्य बुडाला, आकाश काळं झालं, तरी एकही दिवा लागेना. मी तारा उपटल्या, परत जोडल्या. शेवटी रडकुंडीला येऊन बाईंकडे गेले.

बाई आल्या, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "उजेड किती उरलाय?"

"काहीच नाही. अंधार झालाय."

"तुला अंधार झालाय. त्याला विचार ना."

मी आकडा उघडून पाहिला. पॉइंटच्या पुढे नुसती शून्यांची रांग आणि पार शेवटी एक तीन.

"हे शून्य आहे का?" बाईंनी विचारलं.

"जवळजवळ."

"जवळजवळ हे तुझं माझं झालं गं पोरी. सरपंचाला एवढंच कळतं की समोर कुणीतरी उभं आहे. कण असला तरी तो हो म्हणणार. शून्य सोडून सगळं हो."

"आणि उणे पाच?"

"ते पण हो. तो उणं-अधिक बघत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "भोळा आहे बिचारा. भोळ्या माणसाला नुसता आकडा देऊ नये. किती झालं म्हणजे हो म्हणायचं, तो उंबरठा आपण बांधून द्यायचा."

मी उंबरठा बांधला. दिवे लागले, आणि लगेच लुकलुकायला लागले. मी आकाशात ढग सोडले होते. ढग सरकला की उजेड उंबरठ्याच्या इकडे, परत तिकडे. सगळी इमारत गणपतीच्या रोषणाईसारखी चमकत होती. मला वाटलं, आता बाई वैतागतील. पण त्यांना आनंद झाला. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

"आमच्या सोसायटीत पाण्याचा पंप आहे," त्या म्हणाल्या. "टाकी पार तळाला गेली की पंप सुरू होतो. पण तळ सोडला की लगेच बंद होतो का? नाही. टाकी भरेपर्यंत चालतो. सुरू व्हायची खूण वेगळी आणि बंद व्हायची वेगळी. एकच ठेवली असती तर पंप उचक्या देत मेला असता. दोन उंबरठे बांध."

मी बांधले. संध्याकाळ झाली, दिवे एकेक करून लागले आणि लागलेले राहिले. बाई बराच वेळ त्या खिडक्यांकडे बघत राहिल्या. "छान," म्हणाल्या. "पॉइंट आठ."

नंतर कळलं, त्यांनी पॉइंट आठ देणं म्हणजे फारच झालं.

असं नाही की त्यांच्याबरोबर काम करणं सोपं होतं. त्या माणसाला दमवत. तुम्ही "काम झालं" म्हटलंत तर "किती?" असं विचारत आणि "नव्वद टक्के" म्हटलंत तर "मग झालं का म्हणालास?" असं विचारत. एकदा आमच्या एका मुलाने लोणच्याच्या कंपनीची जाहिरात केली. बरणी फिरते, मसाला उडतो आणि शेवटी कंपनीचं नाव अलगद उमटतं. क्लायंट बघायला आला, बरणी फिरली, मसाला उडाला आणि नाव काही आलंच नाही. नाव किती ठळक झालं तो आकडा हळूहळू एकाकडे जायचा, पण शेवटी एकाला टेकायच्या आधी किंचित अडायचा. मुलाने तो सरपंचाला देण्याआधी पॉइंटपुढचं सगळं छाटून टाकणाऱ्या डब्यातून काढला होता. उरलं शून्य. सरपंच म्हणाला, नाही. बाईंनी क्लायंटसमोरच कपाळाला हात लावला. "अरे, अठ्ठ्याण्णव टक्के मिळवलेलं पोरगं तू नापास केलंस!"

क्लायंट हसला म्हणून निभावलं. पण बाईंनी त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना बसवून एक गोष्ट सांगितली, जी मी नंतर कित्येक नव्या मुलांना सांगितली. आकड्याचं हो-नाही करताना आपण प्रत्येक वेळी काहीतरी फेकून देतो. फेकायला हरकत नाही, फेकल्याशिवाय निर्णय होत नाही. पण काय फेकलं ते ठाऊक पाहिजे. म्हणून त्या सरपंचाच्या शेजारून मूळ आकड्याची एक तार नेहमी जिवंत ठेवत. चित्राला तिचा काही उपयोग नसे. "कधी परत विचारायला जावं लागलं तर रस्ता असू दे," असं म्हणत.

हे सगळं त्या घरीही करत असणार, हे मला त्यांच्या यजमानांकडून कळलं. ते कधी कधी संध्याकाळी टेम्पो घेऊन त्यांना न्यायला येत. गोरे, ढेरपोटे, हसरे गृहस्थ. अंगाला कांद्याचा वास. ते म्हणाले, "आमच्या सोसायटीच्या मीटिंगला हिला आता बोलवत नाहीत." झालं होतं असं की इमारतीला रंग लावायचा होता. सेक्रेटरीने एक पिस्ता रंग काढला आणि विचारलं, सगळ्यांना चालेल ना? सगळे म्हणाले, चालेल. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, एकेकाने दहापैकी किती आवडला ते सांगा. लोकांनी सांगितलं. कुणी तीन, कुणी चार, एकाने दोन. सेक्रेटरीने स्वतः पाच दिले. "म्हणजे बघा," यजमान डोळे पुसत सांगत होते, "सगळे हो म्हणत होते आणि आवडला कुणालाच नव्हता! इमारत अजून बिनरंगाची आहे."

बाई टेम्पोत चढत म्हणाल्या, "बिनरंगाची आवडते मला. पॉइंट सात."

त्याच सुमारास मला एक स्थळ आलं होतं. घरचे मागे लागले होते. मी जेवणाच्या सुट्टीत सहज बाईंना सांगितलं. त्यांनी अर्थातच विचारलं, "किती?"

"पॉइंट पाच असेल."

"आणि उंबरठा कुठे आहे तुझा?"

मी उलट विचारलं, "तुमचा कुठे होता?"

"मी पॉइंट चारवर लग्न केलं," बाई शांतपणे म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा मोडला. "तेव्हा असं मोजता येत नव्हतं. आता पॉइंट नऊच्या वर आहे. पण पोरी, खालीही गेलं असतं. तिथे माझी हुशारी काही नाही."

मी विचार केला आणि नाही कळवलं. पुढचे चार दिवस मी तोंड पाडून बसले होते, बरोबर केलं की चूक. बाईंनी एकदाच जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला. "झालं ना? आता ढग सरकला की परत विचारात पडू नकोस."

बाईंची एवढी वर्णनं केली तरी ज्या कामासाठी मला त्या खऱ्या अर्थाने कळल्या ते राहिलंच.

घणसोली गाव आणि खाडी यांच्यामध्ये खाजणाची सखल जमीन होती. भरतीचं पाणी तिथे पसरायचं आणि ओहोटीला परत जायचं. एका बांधकाम कंपनीला तिथे भराव घालून वसाहत उभी करायची होती. गावकऱ्यांनी हरकत घेतली होती की भराव पडला तर पाणी आमच्या घरात येईल. त्यावर सुनावणी होणार होती. कंपनीने आमच्याकडे काम दिलं की संगणकावर पूर्ण गाव दाखवा, भराव पडल्यावर मोठ्या उधाणाच्या दिवशी भर पावसात पाणी कुठवर येईल ते दाखवा. जे घर बुडेल ते लाल आणि जे बुडणार नाही ते हिरवं. मोठं काम होतं. ते नीट झालं असतं तर त्या कंपनीची सगळीच कामं आमच्याकडे येणार होती, आणि आमच्या स्टुडिओला त्याची फार गरज होती.

ते काम माझ्याकडे आलं. गावाचे चढउतार कंपनीनेच मोजून दिले होते. पाणी किती चढेल तेही. मी डबे जोडले. प्रत्येक घरापाशी पाण्याची उंची येत होती. आता सरपंच बसवायचा. कंपनीचे इंजिनियर म्हणाले, "एक मीटर ठेवा. त्याच्या वर गेलं तर बाधित." मी ठेवलं. सगळं गाव हिरवंगार झालं. खाडीच्या अगदी कडेची दोन-तीन घरं तेवढी लाल.

बाईंनी ते पाहिलं. "एक मीटर म्हणजे कुठपर्यंत?"

इंजिनियरनी हात कमरेला लावला.

"म्हणजे कमरेपर्यंत पाणी आलं तर घर बुडलं नाही?"

"मॅडम, ती स्टँडर्ड पद्धत आहे."

"कुणाची?"

इंजिनियर हसले. "टेन्शन नका घेऊ मॅडम. आकडा आमचा, जबाबदारी आमची. तुम्ही फक्त चित्र काढा."

पुढच्या रविवारी सकाळी माझ्या खोलीचं दार वाजलं. दारात बाई. पायात कॅनव्हासचे बूट, हातात शिंप्याची टेप. "चल," म्हणाल्या, "उंबरठे बघून येऊ."

घणसोली गावात घरं एकमेकांना खेटून आहेत. बाई गल्लीत प्रत्येक दारापाशी खाली बसायच्या, जमिनीपासून उंबरठ्याच्या माथ्यापर्यंत टेप लावायच्या आणि मला आकडा सांगायच्या. माझी घरमालकीण, जिला मी मावशी म्हणायचे, कोळंबी सोलत ओट्यावर बसली होती. तिने मला हळूच विचारलं, "ही कोन गो? डोक्यानं बरी हाय ना?"

बाईंना ते ऐकू गेलं. त्या मावशीसमोर उकिडव्या बसल्या. "मला एक सांगा. पाणी कुठवर आलं म्हणजे तुम्ही म्हणता, घर बुडलं?"

मावशीने कोळंबी खाली ठेवली. "उंबरठा चढलं म्हंजे बुडलं. आनखी काय? मागच्या उधानाला चूल इझली माझी. पीठ गेलं, गोधड्या गेल्या. पोरांना खाटेवर बसवून ठेवलं."

"पाणी किती होतं?"

मावशीने पाय पुढे केला आणि गुडघ्याच्या खाली बोट लावलं. "हितं."

बाई त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग उठून पुढच्या दारापाशी गेल्या.

असे तीन रविवार गेले आणि सगळं गाव मोजून झालं. मग सोमवारी त्यांनी माझ्याच डब्यांमध्ये आणखी थोडे डबे जोडले. कंपनीचा एक मीटर तसाच ठेवला, पण तो कमी-जास्त करायला स्क्रीनवर एक दांडी ठेवली. माउसने ओढली की उंबरठा खाली येणार. शिवाय एक बटण, की ते दाबलं की प्रत्येक घराला त्याचा त्याचा स्वतःचा उंबरठा लागेल. सावल्या, झाडं, पाण्याची चमक हे सगळं काढून टाकलं, म्हणजे मशीन जागच्या जागी रंग बदलू शकेल. त्यांनी बटण दाबलं. खाडीच्या बाजूचं निम्मं गाव लाल झालं होतं. त्यात मावशीचं घर होतं. माझी खोली होती.

बाई मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. मला त्यांनी बरोबर नेलं. सगळं दाखवलं आणि म्हणाल्या, "सुनावणीला मी कंपनीचा एक मीटरच दाखवणार. त्यांचं काम आहे, त्यांचा आकडा. पण कुणी विचारलं की हा आकडा बदलला तर काय होतं, तर मी दांडी हलवणार. हे मी त्यांच्या इंजिनियरलाही सांगितलंय. ते म्हणाले, कोण विचारणार मॅडम?"

मालकांचा चेहरा उतरला. "बाई, हे काम गेलं तर आपलं काही खरं नाही. तुम्हाला माहीत आहे. इथे मुलं आहेत, त्यांची घरं आहेत. आपण चित्र काढणारी माणसं. हा निर्णय आपला नाही."

"लाल आणि हिरवं दाखवलं की निर्णय झाला रे. तो आपल्या हातून होतोय."

"बघू या ना."

"न्हाई," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून असा खणखणीत सातारी नकार आला. "स्टुडिओ तुझा आहे. तू नको म्हणालास तर मी दांडी काढून टाकते आणि घरी जाते. तुझ्यावर राग धरणार नाही. पण बघू म्हणू नकोस. हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

मालक खिडकीबाहेर त्या गंजलेल्या टाक्यांकडे बघत राहिले. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. मालक वाईट माणूस नव्हते. आमच्यापैकी कुणाच्या घरी आजारपण आलं तर पहिले तेच यायचे. त्यांना आमची काळजी होती आणि ती खरी होती. बाई खुर्चीत सरळ बसल्या होत्या, परीक्षेत मुलाला उत्तर आठवेपर्यंत वाट बघावी तशा.

"हो," मालक शेवटी म्हणाले. "हो, बाई. हलवा दांडी."

सुनावणी गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये होती. मशीन मारुती व्हॅनमधून गादीवर ठेवून नेलं. मालक स्वतः त्याला धरून बसले होते. हॉल गच्च भरला होता. पुढे अधिकारी, एका बाजूला कंपनीची माणसं, भिंतीवर पांढरा पडदा. इंजिनियरनी छान बोलून दाखवलं. पाणी चढलं, गाव हिरवं राहिलं. लोक आपसात कुजबुजत होते, पण उठून कुणी काही विचारेना. पडद्यावर एवढं झगमगीत दिसत असताना काय विचारायचं, हेच कुणाला सुचत नसावं.

मग मागून मावशी उठली. "माझं घर कंचं हाय त्यान?"

बाईंनी बाण नेऊन ते घर दाखवलं. हिरवं होतं. बाईंनी त्यावर क्लिक केलं तशी शेजारून जिवंत ठेवलेली आकड्याची तार बोलली. पडद्यावर आलं, पाण्याची उंची साधारण अर्धा मीटर.

"म्हंजे पानी येनार?"

"येणार."

"किती?"

बाई उठल्या आणि स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मंग हिरवं कसं?" मावशीचा आवाज चढला. "गुडघ्याखाली पानी आयलं तवा चूल इझली माझी. आता गुडघ्यावर येनार म्हनताव आन् बुडलं नाय म्हनताव?"

"मावशी, हे टेक्निकल आहे," इंजिनियर समजुतीने म्हणाले. "तुम्ही बसा."

पण अधिकाऱ्यांनी हात वर केला. "ही मर्यादा किती धरली आहे?"

"एक मीटर साहेब."

"का?"

इंजिनियर त्यांच्या साहेबांकडे बघायला लागले. साहेब कागदांमध्ये बघायला लागले. अधिकारी बाईंकडे वळले. "ती बदलून दाखवता येईल?"

"येते," बाई म्हणाल्या. "किती ठेवू?"

"तुम्हाला काय योग्य वाटतं?"

"मला वाटून उपयोग नाही साहेब. मी वाशीला राहते, तिसऱ्या मजल्यावर. या गावातल्या प्रत्येक घराचा उंबरठा आम्ही मोजलाय. म्हणाल तर तो लावते."

"लावा."

बाईंनी बटण दाबलं. एकेक घर लाल होत गेलं. कुणी तरी जोरात आपल्या घराचं नाव घेतलं, मग दुसऱ्याने, आणि मग सगळा हॉल एकदम उठून उभा राहिला. मी मालकांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत नव्हते. डोळे मिटून मशीनवर हात ठेवून उभे होते.

गाव जिंकलं वगैरे असं काही झालं नाही. अधिकाऱ्यांनी नकाशा परत पाठवला, नव्याने मोजणी करायला लावली. काम बराच काळ अडकलं आणि शेवटी भराव पडलाच. पण आधी ठरला होता त्याहून पुष्कळ कमी, आणि मध्ये पाण्यासाठी रुंद वाट मोकळी सोडून. पुढच्या मोठ्या उधाणाला पाणी मावशीच्या ओट्याच्या पहिल्या पायरीपर्यंत येऊन परत गेलं. ती मला म्हणाली, "आयलं, बगून गेलं."

त्या कंपनीने आम्हाला पुन्हा दारात उभं केलं नाही. स्टुडिओतली काही मुलं अंधेरीला दुसरीकडे गेली. जे उरलो ते सिरियलची शीर्षकं, लग्नाच्या कॅसेटची फुलं, मिळेल ते करत राहिलो. मालक कितीतरी दिवस बाईंशी कामापुरतंच बोलत. बाईंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. एकदा मी विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, "वाटतं ना. पण त्याने हो म्हटलं, ते त्याला मुळीच परवडत नव्हतं. मी पेन्शनवाली. मला काय, सोपं होतं." मग एके दिवशी मालक आपणहून त्यांच्या टेबलाशी गेले आणि सातारच्या कुणाची तरी चौकशी केली. त्या दुपारी दोघं बराच वेळ गप्पा मारत होते.

वर्षभराने यजमानांनी बाजारातला गाळा भावाला दिला आणि दोघांनी गावी परत जायचं ठरवलं. बाईंचा शेवटचा दिवस. निरोपाचा कार्यक्रम नको, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. नेहमीसारख्या आल्या, टेबल आवरलं. खाली टेम्पोत सामान बांधून यजमान थांबले होते. तेवढ्यात एसीच्या खोलीतून एका मुलाची हाक आली. त्याने एका पाणवठ्यावर शंभरेक बगळे बसवले होते. शिकारी जवळ आला की एकेकाने उडायचं होतं, पण सगळे एकदम उडत होते आणि लगेच एकदम खाली बसत होते. "बाई," तो ओरडला, "जरा बघता का?"

आम्ही सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई पिशवीची नाडी बांधत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी उठले. आत जाऊन त्या मुलाच्या शेजारी बसले. त्याला विचारलं, प्रत्येक बगळ्याला शिकारी किती जवळ आल्यावर भीती वाटते? सगळ्यांना सारखीच वाटते का? आणि एकदा उडाल्यावर तो परत कधी बसेल? तो विचारात पडला, मग भराभर डबे जोडायला लागला. थोड्या वेळाने पडद्यावर पहिला बगळा उडाला, मग बाजूचा, मग लांबचे दोन. एक भित्रा नव्हता, तो शेवटपर्यंत एका पायावर उभा राहिला.

बाहेर आले तर बाई जिन्यापाशी पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"जमलं?"

"जमलं."

दुसऱ्याचं काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या बाईने आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता, माझ्यावर तर नाहीच. मी दार उघडं धरून बाजूला झाले, त्यांना आत जाता यावं म्हणून.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि जिना उतरायला लागल्या.